शल्लकीने गुडघ्याची सूज खरंच उतरते का?

करी रोडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. सासूबाई ६४ वर्षांच्या. दोन्ही गुडघे दुखतात, उजव्यावर सूज असते, एक्स-रेमध्ये झीज दिसली. डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी आणि सोबत अ‍ॅसिडिटीची गोळी दिली आहे. घर चाळीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शेजारच्या काकूंना शल्लकीच्या कॅप्सूलने आराम पडला म्हणून यांनीही सुरू केली. सकाळी उठल्यावर चहाबरोबर एक. महिना झाला, फरक शून्य. ताई विचारतात, या वनस्पतीत खरंच काही आहे की नुसती जाहिरात? आणि ती चालू ठेवून डायक्लोफेनॅक बंद केली तर चालेल का?

ताई, आधी सरळ उत्तर देते. शल्लकीत सूज उतरवणारी द्रव्यं आहेत. त्यांचं काम प्रयोगशाळेत दिसलंय आणि माणसांवरही दिसलंय. पण ते काम सावकाश होतं, आणि रिकाम्या पोटी चहाबरोबर दिवसाला एक कॅप्सूल घेतली तर त्यातलं फार थोडं रक्तात पोचतं. त्यामुळे महिन्याभरात फरक पडला नाही म्हणून औषधाला खोटं ठरवू नका. डायक्लोफेनॅक मात्र घरच्या घरी बंद करू नका. का ते पुढे सांगते.

शल्लकी म्हणजे आपली सालई. मेळघाटात आणि सातपुड्याच्या कोरड्या डोंगरउतारांवर ही झाडं भरपूर आहेत, साल कागदासारख्या पापुद्र्यांनी सुटते. तिला खाच दिली की डिंक पाझरायला लागतो. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात हिचं एक नाव 'बहुस्रवा' आहे ते यावरूनच. दुसरं नाव 'गजभक्ष्या', कारण हत्ती ती आवडीने खातात. डिंकाला ग्रंथांत कुंदुरू म्हणतात, बाजारात सालई गुग्गुळ. या बाजारातल्या नावानेच घोळ होतो. योगराज गुग्गुळातला गुग्गुळ वेगळ्या झाडाचा; दोन्ही झाडं एकाच कुळातली, पण त्यांतली द्रव्यं निराळी. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी 'मी गुग्गुळ घेतेच आहे' म्हणतात आणि पिशवीतून योगराजची डबी काढतात. ते औषध वाईट नाही, पण इथे मी जे लिहितेय ते त्याला लागू होत नाही.

लालबागच्या माझ्या दवाखान्यात टेबलाच्या खणात सालईच्या डिंकाचे खडे ठेवलेले असतात. असा प्रश्न आला की मी एक खडा काढून हातात देते. नखाएवढा, मधाच्या रंगाचा, वरून पिठाळ. दाताखाली धरला की आधी चुरा होतो, मग चावता चावता मेणासारखा मऊ होतो. चव कडवट, आणि तोंडातून नाकात चढतो तो थेट धुपाचा वास. दुसरा खडा मी खलात पाण्याचे चार थेंब टाकून घोटते. पाणी दुधासारखं पांढुरकं होतं.

ते पांढरं पाणी नीट बघा, कारण सासूबाईंना महिन्याभरात गुण का आला नाही ते त्यात दिसतं. या डिंकात दोन भाग असतात. एक गोंदासारखा, तो पाण्यात विरघळतो. दुसरा राळेचा, तो पाण्यात विरघळत नाही, नुसते बारीक कण होऊन तरंगत राहतो, म्हणून पाणी गढूळ दिसतं. सूज उतरवणारी बॉस्वेलिक अ‍ॅसिड्स या राळेत असतात. ती तेला-तुपात मिसळतात, पाण्याला दाद देत नाहीत. सालईचा डिंक पाण्यात उकळून काढा प्यायलात तरी हीच गत. जर्मनीतल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना या डिंकाचं सत्त्व, म्हणजे अर्क, एकदा उपाशीपोटी आणि एकदा भरपूर स्निग्ध जेवणाबरोबर दिलं. २००४ साली तो प्रसिद्ध झाला. जेवणाबरोबर घेतल्यावर रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी वाढलं. कॅप्सूल तीच, माणसं तीच, बदललं ते फक्त ताट.

म्हणून पहिली दुरुस्ती ही करा: सकाळची चहाबरोबरची वेळ बंद. कॅप्सूल जेवणात घ्यायची. चार घास झाले की घ्यायची आणि मग उरलेलं जेवायचं. घरी बांगड्याचं कालवण असेल तर उत्तमच, नाहीतर वरणभातावर चमचाभर तूप. सासूबाईंना कोलेस्टेरॉलचा त्रास असेल तर जास्तीचं तूप नको, भाजी-आमटीच्या फोडणीतलं रोजचं तेलही काम करतं.

आता ही द्रव्यं सूज कशी उतरवतात? हे मी थोडं खोलात लिहिते, कारण डायक्लोफेनॅकबद्दलचा तुमचा प्रश्न त्याशिवाय सुटत नाही.

पेशींच्या आवरणात अ‍ॅरॅकिडोनिक अ‍ॅसिड नावाचं एक मेदाम्ल असतं. सांध्यात झीज झाली, कूर्चेचे, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गादीचे, कण सुटले, की ते मोकळं होतं आणि पुढे दोन वाटांनी जातं. पहिल्या वाटेवर कॉक्स नावाची एंझाइम त्याचं प्रोस्टाग्लँडिन करतात. त्याने दुखतं, लाल होतं, गरम लागतं. अ‍ॅस्पिरिन ही वाट अडवतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिलं, आणि डायक्लोफेनॅकही तेच करते. अडचण अशी की पोटाच्या अस्तराची राखण करायला आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा सांभाळायलाही प्रोस्टाग्लँडिनच लागतं. सांध्यातलं कमी केलं की तिथलंही कमी होतं. डॉक्टरांनी सोबत अ‍ॅसिडिटीची गोळी दिली आहे ती म्हणून. ती बिनकामाची समजून वगळू नका.

दुसऱ्या वाटेवर ५-लायपॉक्सिजनेझ नावाचं एंझाइम असतं, ते ल्युकोट्राइन बनवतं. ल्युकोट्राइन पांढऱ्या पेशींना हाकारे देऊन सांध्यात बोलावतात. त्या पेशी येताना स्वतःची पाचक द्रव्यं घेऊन येतात, आणि त्याने सूज आणखी रेंगाळते. डायक्लोफेनॅक ही दुसरी वाट फारशी अडवत नाही. सालईची बॉस्वेलिक अ‍ॅसिड्स अडवतात. जर्मनीतल्या ट्युबिंगेनमध्ये अमोन यांच्या गटाने १९९०च्या आसपास हे उलगडलं. या अ‍ॅसिड्समध्ये सर्वांत जोरकस जे आहे त्याचं लांबलचक नाव आखडून त्याला आक्बा म्हणतात. २०२० साली या एंझाइमच्या स्फटिकाचं चित्र प्रसिद्ध झालं, त्यात आक्बा नेमकं कुठे बसतं ते दिसलं. एंझाइमची काम करायची जी जागा, तिथे ते बसतच नाही. बाजूच्या एका खाचेत बसतं, आणि तिथून एंझाइमचा कल बदलतो: ल्युकोट्राइन कमी बनतात आणि सूज आवरती घेणाऱ्या द्रव्यांच्या दिशेने काम सरकतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार आनंद झाला होता. मेळघाटातल्या झाडाचा चीक एवढ्या नेमकेपणाने काम करतो, हे डोळ्यांनी बघायला मिळालं.

पण एक गोष्ट जाहिरातीत सांगत नाहीत. काचेच्या बशीत आक्बाची जी मात्रा लागते, तेवढी माणसाच्या रक्तात सहसा पोचत नाही. रक्तात जास्त सापडतं ते त्याचं भावंड, बीटा-बॉस्वेलिक अ‍ॅसिड. तेही स्वस्थ बसत नाही. पांढऱ्या पेशींमधलं कॅथेप्सिन जी नावाचं एंझाइम आणि पहिल्या वाटेवरची अगदी शेवटची पायरी, अशा दोन ठिकाणी ते काम करतं. म्हणजे गुण येतो तो सगळ्या कुटुंबाचा मिळून. 'आमच्यात आक्बा सर्वाधिक' एवढ्यावर भाळून तिप्पट पैसे मोजायची गरज नाही, असं माझं मत आहे.

हे झालं प्रयोगशाळेतलं. माणसांवरचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. नागपुरात गुडघ्याची झीज असलेल्या ३० रुग्णांवर चाचणी झाली, २००३ साली ती प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना आठ आठवडे सालईचं सत्त्व, अर्ध्यांना तशीच दिसणारी रिकामी कॅप्सूल, मग मध्ये खंड ठेवून अदलाबदल. सत्त्वावर असताना दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकायला लागला, चालायचं अंतर वाढलं. एक्स-रेत मात्र काडीचाही बदल नाही. सासूबाईंना हे नीट समजावा. झिजलेली कूर्चा सालई भरून देत नाही. 'गुडघ्यात वंगण तयार होतं' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

नागपूरचीच दुसरी चाचणी २००७ साली छापून आली, ६६ रुग्ण, सहा महिने. एका गटाला सालई, दुसऱ्याला वाल्डेकॉक्सिब नावाची वेदनाशामक गोळी (हृदयाच्या धोक्यांमुळे ती २००५ साली बाजारातून काढून घेतली). गोळीवाल्यांना महिन्याभरात आराम पडला, पण गोळी थांबली की आरामही थांबला. सालईवाल्यांना दोन महिने लागले. औषध थांबवल्यावर मात्र आणखी महिनाभर गुण टिकला. कोणाला काय दिलंय हे त्या चाचणीत झाकलेलं नव्हतं, हा तिचा कच्चा दुवा. पण सालई हळू चढते आणि हळूच उतरते, हे मी दवाखान्यात इतक्या वेळा पाहिलंय की मला ती चाचणी पटते. कोक्रेन ही संस्था जगभरच्या चाचण्या एकत्र ताडून बघते. तिच्या २०१४च्या आढाव्यात १०० गुणांच्या मापावर रिकाम्या कॅप्सूलवाल्यांचं दुखणं सरासरी ४० होतं, सालईचं कसदार सत्त्व घेणाऱ्यांचं तीन महिन्यांनी त्याहून १७ गुणांनी कमी. आकडा चांगला आहे, पण तो दोनच लहान चाचण्यांमधून, ८५ माणसांवरून आलेला आहे.

जिथे उपयोग दिसला नाही तेही सांगायला हवं. आमवातात, म्हणजे रुमॅटॉइडमध्ये, १९९८ साली जर्मनीत ३७ रुग्णांवर सालई चालू औषधांच्या जोडीला देऊन बघितली, मोजण्यासारखा फायदा झाला नाही. म्हणून आमवाताची औषधं सोडून कोणी शल्लकीवर आलं तर मी परत पाठवते. त्या आजारात वाया गेलेले महिने सांध्यांना कायमचे भोवतात. आमचे ग्रंथ काय म्हणतात हेही लोक विचारतात. चरकात शल्लकीची साल आली आहे ती पुरीषविरजनीय गणात, म्हणजे मलाशी संबंधित औषधांत. गुडघ्यासाठी डिंकाचं कॅप्सूल ही अलीकडची वाट आहे. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेत सिंग आणि अटल यांनी केलेलं काम १९८६ साली छापून आलं, त्यानंतर ती रुळली. यात कमीपणा काहीच नाही. जुनं झाड आहे आणि नवीन माणसांनी कष्ट करून त्याचा नवा उपयोग शोधला आहे, एवढंच.

आता कॅप्सूलची डबी हातात घ्या. 'चूर्ण' लिहिलंय की 'सत्त्व' किंवा 'एक्स्ट्रॅक्ट', ते आधी बघा. नुसतं चूर्ण असेल तर एका कॅप्सूलमध्ये कामाचं द्रव्य फार कमी भरतं. नागपूरच्या दोन्ही चाचण्यांत सत्त्व होतं, ३३३ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, म्हणजे दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम. सासूबाई एक घेताहेत, म्हणजे दुसरी दुरुस्ती मात्रेची. अनेक डब्यांवर '६५ टक्के बॉस्वेलिक अ‍ॅसिड्स' छापलेलं असतं. जुन्या पद्धतीच्या मोजणीत सगळीच आम्लं एकत्र धरली जातात, त्यामुळे तो आकडा फुगतो. अचूक यंत्रावर तेच सत्त्व तपासलं की कमी भरतं. म्हणून नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका. सत्त्व किती मिलिग्रॅम, परवाना क्रमांक आहे का, बॅच आणि तारीख आहे का, एवढं बघा.

आणि सुट्या पुड्या कधीही नको. हे मी जीव तोडून सांगते. काही वर्षांपूर्वी एक आजी माझ्याकडे आल्या. कोणीतरी ओळखीतून आणून दिलेलं 'सांध्यांचं जडीबुटीचं चूर्ण' त्या पाच महिने घेत होत्या. म्हणाल्या, "डॉक्टर, दुसऱ्या दिवशीच गुडघे मोकळे झाले हो!" चेहरा गोल सुजलेला, मनगटावर जरा धक्का लागला तरी काळेनिळे डाग, कधी नसलेली साखर वाढलेली. चुर्णात स्टिरॉइड मिसळलं असणार हे चेहऱ्यावरच दिसत होतं. मी तिथल्या तिथे पुड्या बंद केल्या नाहीत, कारण अशी स्टिरॉइड अचानक तोडली तर शरीर कोसळू शकतं. त्याच दिवशी त्यांना फिजिशियनकडे पाठवलं, त्यांनी आठवड्या-आठवड्याने मात्रा उतरवत आणली. झाडपाल्याच्या औषधाने दुसऱ्याच दिवशी सूज गेली तर खूश होऊ नका, ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. सालई असं कधीच करत नाही.

आता डायक्लोफेनॅक. दोन्ही औषधं मुख्यतः वेगवेगळ्या वाटांवर काम करतात, म्हणून एकीच्या जागी दुसरी असा सरळ बदल होत नाही. आज गोळी बंद केली तर सालईचा गुण यायच्या आधीचे सहा-आठ आठवडे सासूबाई नुसत्या दुखण्यात काढतील, चालणं सोडतील, मांडीचे स्नायू वाळतील आणि गुडघा आणखी बिघडेल. माझ्या पेशंटना मी त्यांच्याच डॉक्टरांकडे चिठ्ठी देऊन पाठवते: सालई नीट सुरू केली आहे, दीड-दोन महिन्यांनी वेदनाशामक कमी करता येईल का बघावं. बरेच डॉक्टर मग रोजच्या गोळीऐवजी गरजेपुरती गोळी किंवा वरून लावायचं जेल सुचवतात. सासूबाईंना रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर मात्र दोन महिने वाट बघू नका. ही गोळी रोज चालेल का, हे याच आठवड्यात डॉक्टरांना विचारा.

रक्त पातळ करायची गोळी, विशेषतः वॉर्फरिन, चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सालई नको. दोन्ही एकत्र घेतल्यावर रक्त जास्त पातळ झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. एरवी त्रास म्हणाल तर कोणाला जळजळ, कोणाला पातळ जुलाब, क्वचित अंगावर पुरळ. कॅप्सूल जेवणात घेतली की जळजळ बहुधा होत नाही.

गुडघा अचानक लाल-गरम झाला आणि ताप आला, पोटरी एका बाजूची सुजली, किंवा सकाळी उठल्यावर हातापायांचे सांधे अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेले राहतात, यातलं काहीही असेल तर कॅप्सूलचा विचार बाजूला ठेवून आधी तपासणी. केईएम रुग्णालय तुमच्यापासून जवळ आहे.

आणि व्यायाम. खुर्चीत बसून एक पाय समोर सरळ करायचा, मांडी घट्ट करून पाचपर्यंत मोजायचं, खाली. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ.

शेवटी एक काम तुमच्यासाठी. 'बरं वाटतं का?' असं सासूबाईंना रोज विचारू नका. त्या तुमचं मन राखायला हो म्हणतील, किंवा पावसाळी हवेत वैतागून नाही म्हणतील. एक वही घ्या. दर रविवारी बाजारातून परत येताना तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायला त्या किती वेळा थांबल्या, तेवढंच लिहायचं, आणि त्या आठवड्यात डायक्लोफेनॅकच्या किती गोळ्या लागल्या तो आकडा शेजारी. पहिली ओळ या रविवारी, कॅप्सूलची वेळ आणि मात्रा बदलायच्या आधी लिहा. आठ ओळी झाल्या की वही आणि डबी दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. थांबण्याचा आकडा उतरलेला नसेल तर सालईवर पुढे पैसे घालवू नका, मी स्वतः तिथे थांबवते. उतरला असेल तर गोळी कशी कमी करायची ते डॉक्टर तुमच्या वहीवरूनच ठरवू शकतील.